रिकामी बशी

समुद्राच्या तळाचा गाळ तपासायच्या आमच्या खोलीत पंखा लावायला सक्त मनाई. हवेतला एखादा प्लास्टिकचा धागा उडून गाळात पडला तर उगाच आळ समुद्रावर येईल, असं आमच्या प्रमुख बाईंचं म्हणणं. म्हणून मी दिवस भरत आलेलं पोट सांभाळत, घामाने निथळत बसायचे. गाळाच्या बशीशेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवायची. तिच्यात पडेल तो खोलीतला कचरा. गाळात सापडेल त्यातून तो वजा करायचा. उरेल तो खरा समुद्राचा.

आज दोन्ही बशा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि वहीत काही न लिहिताच पेन खाली ठेवलं.

"काय गं, गाळात काही सापडलं नाही?"

"सापडलं ना, बाई. पण रिकाम्या बशीतही तेवढंच प्लास्टिक आहे."

बाईंनी स्वतः मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"खिडकीची फट?"

"बुजवलीय."

"तुझे कपडे?"

"सुतीच आहेत."

"मग काय, नियमाप्रमाणे वजा कर."

"वजा केलं तर काहीच उरत नाही. म्हणजे समुद्र स्वच्छ?"

"कागदावर."

"आणि आपण श्वास घेतो त्या या खोलीतल्या हवेतून काय वजा करायचं, बाई?"

बाई उठल्या आणि त्यांनीच पंख्याचं बटण दाबलं.

"बस जरा वाऱ्याला," त्या म्हणाल्या. "उगाच इतके दिवस उकडत ठेवलं तुला."