कव्हरची परीक्षा

“काकू, आज मोबाइल झेलायचा नाही हं!” दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून केतकीनं बजावलं. कव्हर किती मजबूत, हे प्रेक्षकांना दाखवायचं तर मोबाइल खाली पडायलाच हवा. पण तळमजल्यावरच्या सामंतकाकूंना ते पटेल तर शपथ! “एवढी महागाची वस्तू कुणी टाकतं का गं?” म्हणत याआधी दोन्ही वेळा त्यांनी तो पदरात अलगद झेलला होता.

कव्हर बनवणाऱ्या कंपनीला व्हिडिओ आजच हवा होता. मागच्या कव्हरनं दगा दिल्यापासून केतकीकडे हा एकच मोबाइल उरला होता. तिनं स्टँडवरचा कॅमेरा सुरू केला, डोळे घट्ट मिटले आणि मोबाइल सोडला.

आपटल्याचा आवाजच येईना. वाकून बघते तर काय, इमारतीतल्या चार बायकांनी चादर ताणून धरलेली आणि मधोमध मोबाइल उड्या मारतोय!

“मी कुठं झेलला? चादरीनं झेलला!” काकू साळसूदपणे म्हणाल्या.

पोट धरून हसत केतकी कॅमेऱ्याकडे वळली.

“मंडळी, कव्हर कसं आहे ते देवाला ठाऊक. पण घर घेताना खाली कोण राहतं, ते आधी बघा!”