कुंदाच्या माहेरचा फ्रिज

हिलाल मिस्त्रीने फ्रिजला तिसऱ्यांदा कान लावला, तेव्हा नानांनी स्टुलावरचा टेबलफॅनसुद्धा बंद केला.

“ऐक आता. सुरू होईल.”

फ्रिज होता एवढासा. एकट्या माणसाने कवेत धरून उचलावा असा. मोटर गुरगुरली आणि मागून आवाज सुरू झाला. टर्रर्र, टक, टक, टर्रर्र.

पहिल्या खेपेला हिलालने त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारला होता. दुसऱ्या खेपेला मोटरचे नट आवळले होते. दोन्ही वेळा आवाज थांबला आणि हिलाल घरी पोचतो न पोचतो तोच परत सुरू झाला. धुळ्यातली ती गल्ली आता त्याला येता-जाता विचारायची, “काय मिस्त्री, फ्रिज काय म्हणतो?” हे त्याला फार झोंबायचं.

“व्याह्याने दिलेली वस्तू. वाजणारच,” नाना म्हणाले.

भाईदास नाना कोर्टातले निवृत्त कारकून. जेवणानंतर थंडगार ताक मिळालं नाही, तर घर डोक्यावर घ्यायचे. फ्रिज त्यांची सून कुंदा हिच्या लग्नात चाळीसगावहून आलेला. फ्रिजवर नानांचा जीव आणि तो देणाऱ्या व्याह्यावर राग.

रागाचं कारण अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला कुंदाला न्यायला व्याही स्वतः आला नाही. धाकट्या पोराला पाठवून मोकळा झाला. नानांचा मान दुखावला. त्यांनी त्या पोराला पोटभर आमरस खाऊ घातला आणि एकट्यालाच परत धाडलं. दुसऱ्या वर्षीही तेच. यंदा तर कुणी आलंच नव्हतं.

अखाजी चार दिवसांवर आली होती. कुंदा ओसरीत चिंचा फोडत बसली होती, डोळे सुजलेले. हिलालला वाईट वाटलं. त्याचीही एक बहीण साक्रीला दिलेली होती.

सासूबाई, म्हणजे भागाबाई, बाजेवरून नजर ठेवून होत्या. “कुंदे, हात चालाड. चिचमा माहेर दिसस का तुले?”

हिलालने फ्रिज पुढे ओढला. मोटरवर एक पत्र्याची ताटली असते, आतलं पाणी गळून तिच्यात पडतं. त्याने ती चाचपली आणि त्याचा हात थबकला. ताटलीत पाच चिंचोके होते. मोटर हलली की ताटली हलायची आणि चिंचोके नाचायचे.

त्याने हळूच ओसरीकडे पाहिलं. कुंदापुढे चिंचोक्यांचा हा ढीग! हिलालला सगळा उलगडा झाला. फ्रिज बिघडला की दुकानात न्यायचा, दुकान चाळीसगावला आणि चाळीसगावला माहेर.

चिंचोके नानांच्या तळहातावर ठेवले असते, तर गल्लीत त्याची गेलेली अब्रू तिथल्या तिथे परत आली असती. पण मग त्या पोरीचं काय झालं असतं? हिलालने ताटली होती तशी बसवली आणि हात पुसले.

“नाना, मी हरलो. दोष आतला आहे. गॅरंटी आहे ना? मग जिथून घेतला तिथंच न्यावा लागेल.”

“चाळीसगावला? मी त्या माणसाच्या दारात? मेलो तरी नाही!”

“मग पुनाभाऊंना पाठवा.”

पुना नानांचा मुलगा, एसटीत कंडक्टर. “लग्नसराईत त्याला कोण रजा देतो?”

“मग ताईच जातील. कार्ड त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे. फक्त एक आहे, दुकानवाले चार-पाच दिवस चालवून बघतात.”

भागाबाई बाजेवरून ताडकन उठल्या. “नही जावानी ती! पापड कोन लाटी? बठ्ठं काम मी एकलीनी कराना का? चाळीस वरीस व्हई गयात, मी गऊ का कधी अखाजीले? माठनं पानी प्या गुमान!”

बायको पूर्व म्हणाली की नानांची पश्चिम ठरलेली.

“जाईल ती!” नाना गरजले. “आजच्या गाडीनं जाईल. आणि कुंदा, आवाज बंद झाल्याशिवाय फ्रिज घरात आणायचा नाही. मग अखाजी तिकडे झाली तरी चालेल!”

कुंदा हातातली चिंच टाकून उठली ती थेट पिशवी भरायलाच. भागाबाई कपाळावर हात मारून पुन्हा बाजेवर बसल्या.

रिक्षा आली. गाडीत बसवून द्यायला नाना रिक्षावाल्याशेजारी बसले. फ्रिज कुंदाच्या बाजूला ठेवताना हिलाल हळूच म्हणाला, “ताई, पोचलात की मागच्या ताटलीतले चिंचोके काढून टाका. मी कुणाला सांगणार नाही.”

“कसले चिंचोके?” कुंदाने विचारलं.

चेहरा इतका भाबडा की हिलालने तिला मनातल्या मनात हात जोडले. पोरगी भलतीच बिलंदर होती.

रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागली. हिलाल हत्यारांची पिशवी घ्यायला आत आला. भागाबाई दारातून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी दार लोटलं, स्टुलावरचा टेबलफॅन उचलला आणि त्याच्यापुढे आणून ठेवला.

“हाऊ पंखा मन्हा माहेरना, दोंडाईचाना भाऊनी देयेल शे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराची गाठ सोडली. आत पाच चिंचोके होते. “यान्हामा कोठे टाकाना, तेवढं सांगी दे.”