पिठावरची बोटं

नागोजी बेळगावच्या दवाखान्यातून एस्टीनं निपाणीला परतला, तेव्हा त्याच्या दारात माणसं उभी होती आणि बाहेर तीन दगडांवर पाणी तापत होतं. कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्याची बायको गुणाबाई दुपारीच गेली होती.

तो तिच्याच तपासणीचं ऐकायला गेला होता. मागं एकदा डॉक्टरनं तिला उपाशीपोटी गोड पाणी पाजलं होतं आणि त्यानंतरची सगळी लघवी डब्यात धरायला लावली होती. "दूध मोजल्यागत मोजत्यात. मी म्हस हाय व्हय?" म्हणून ती हसली होती. पाण्यात दोन साखरा होत्या, एक बारीक, एक जाड. जाड साखर आतड्यातून गळून लघवीत उतरायला नको. तिची गळली होती. नागोजीचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. चाळणीची जाळी फाटली म्हणजे काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"गव्हानं आतडं झिजतंय असा संशय आहे," डॉक्टर म्हणाला होता. "आतड्याचा तुकडा तपासला की नक्की कळेल. त्यांना घेऊन या. आणि मुलगीही वाढत नाही म्हणता, तर तिलाही आणा."

संध्याकाळी सगळं उरकून माणसं परतली. जिथं गुणाबाईचा जीव गेला, तिथं नागोजीची थोरली बहीण बाळाबाई हिनं पीठ पसरलं, त्यावर दुरडी पालथी घातली आणि शेजारी दिवा ठेवला. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं, त्याचं पाऊल सकाळी पिठावर उमटतं म्हणतात. पीठ गव्हाचं होतं. गुणाबाईसाठी दळून आणलेलं, तेच घरात होतं.

सकाळी दुरडी उचलली. बायका वाकल्या आणि तशाच राहिल्या.

पाखराचं पाऊल नव्हतं, गाईचा खूर नव्हता. पीठ मधनं सरकून भिंतीकडं गेलं होतं. सारवलेल्या जमिनीवर तीन बोटांच्या लांब रेघा होत्या. करंगळीची नव्हती.

"ताट सारल्यागत दिसतंय," शेजारची रुक्माबाई हळूच म्हणाली.

गुणाबाईची करंगळी वखारीच्या दारात चेंगरल्यापासून ताठ झाली होती. ताट सारताना ती वरच राहायची.

बाळाबाईनं पदर डोळ्याला लावला. "उपाशी गेली गं माझी बाय. चपाती दुधात कुस्करून दिली, ती बी सारली. दहाव्याला गव्हाची खीर करू. लई करू."

"आक्का, गहू नगं."

"का रं?"

नागोजीनं तिच्या हातांकडं पाहिलं. आजारी माणसाला भाकरी जड म्हणून ह्याच हातांनी रोज मऊ चपात्या लाटल्या होत्या.

"नगं म्हंजी नगं."

"येडा झालास व्हय नाग्या? आन् आता ह्या पोरीचं बी मलाच बघाय पायजे. नुसती काडी झालीया."

सुतकाच्या घरात चूल बंद. रुक्माबाईनं तिच्या घरनं चपात्या आणल्या होत्या. बाळाबाईनं त्यातली एक दुधात कुस्करली आणि नागोजीच्या पोरीपुढं, तानीपुढं, ताट ठेवलं. तानीचं पोट तेवढं मोठं होतं, बाकी हातपाय वाळलेले.

तानीनं ताटाकडं पाहिलं. मग पिठाकडं पाहिलं. मग तीन बोटांनी ताट भिंतीकडं सारलं. तिची करंगळी ताठ वर होती.

तिच्या करंगळीला कधी काही झालं नव्हतं.

नागोजीनं ताट उचलून दाराबाहेर ठेवलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

"कुठं निघालास?" बाळाबाई उंबऱ्यात आडवी झाली. "सुतक फिटल्याबिगर गावाबाहेर पाय ठेवायचा न्हाय."

तो पोरीला घेऊन दारातच उभा राहिला. गल्लीतून आणखी एक बाई फडक्यात चपात्या गुंडाळून येत होती.

तानीची तपासणी राहिली होती.