ठोशातला दणका

"दम आहे तुझ्यात, पण ठोशात दणका नाही," बॉक्सिंगचे मोहिते सर म्हणाले आणि केतकीचं रोजचं धावणं निम्म्यावर आणून त्यांनी तिच्या हातात बारबेल दिला. वजनं उचलून अंग जड होईल, हात मंदावतील, या धास्तीनं ती चिडली. पण उचलत राहिली.

विभागीय अंतिम लढतीत समोर सांगलीची निलोफर होती. मागच्या वर्षी तिनंच केतकीला हरवलं होतं. पहिल्याच फेरीत निलोफरचा डावा हात जरा खाली आला आणि केतकीचा उजवा ठोसा तिच्या जबड्यावर बसला. निलोफर कोसळली. पंचांनी दहा मोजले तरी ती हलली नाही.

हॉल टाळ्यांनी दणाणला. केतकीला मात्र काहीच ऐकू येईना. ती आपल्याच ग्लोव्ह्जकडे बघत राहिली. एवढी ताकद आपल्यात कधी आली? डॉक्टर रिंगमध्ये धावले. ती त्यांच्यामागोमाग गेली आणि निलोफरशेजारी गुडघ्यांवर बसून हुंदके देऊ लागली.

काही वेळानं निलोफरनं डोळे उघडले. शेजारी रडणारी केतकी तिला दिसली.

"अगं, आधी मला उठव," ती पुटपुटली, "मग रड."