पन्नासावी नळी

एकोणपन्नास नळ्यांचे आकडे नव्या-जुन्या दोन्ही यंत्रांवर जुळले होते. पन्नासावी राहिली होती, आणि लाशांस नावाचे डॉक्टर उभ्या उभ्या पेन चावत होते.

नवं यंत्र रक्तद्रवातलं ल्युसिन दोन मिनिटांत मोजायचं. ओदील तुर्कोतबाईंच्या खोलीतलं जुनं यंत्र तीन तास घ्यायचं. तेवढ्या वेळात बाई मोजे विणायच्या. अख्ख्या इस्पितळाचे पाय त्यांच्या मोज्यांत होते.

काही बाळांना दुधाच्या प्रथिनांतलं हे ल्युसिन पचत नाही. ते रक्तात साचतं, दुपट्यांना मेपलच्या पाकाचा वास मारतो, पुढे मेंदूवर जातं. अशा बाळांना दूध किती द्यायचं, ते बावीस वर्षं बाईंच्या आकड्यावर ठरत होतं. आकडे चुकीचे निघाले, तर अशा बाळांच्या चाळीस घरांना काय तोंड दाखवायचं?

शिवाय बाईंचं यंत्र हट्टी. मार्चमध्ये गावभर मेपलचा पाक उकळू लागला की महिनाभर बंद, नळ्या मॉन्ट्रियलला. गेल्या आठवड्यात बाईंना सर्दी झाली, तेव्हाही बंद. "मी आजारी, मग त्याच्याकडे कोण बघणार?"

"मादाम, उरका की आता," डॉक्टर दारातून म्हणाले.

"तुम्ही आधी लांब व्हा. गालाला काय फासलंय?"

"आफ्टरशेव्ह. बायकोनं आणलंय."

"मग तिलाच फासा. यंत्राला चालत नाही."

दार लागलं. तीन तासांनी, एक अख्खा मोजा झाल्यावर, फटीतून चिठ्ठी आली. दोनशे चौदा.

नव्या यंत्राचा आकडा दोनशे चौदा.

डॉक्टर मटकन खाली बसले. "सुटलो! बावीस वर्षांत एक पोर चुकीचं जेवलं नाही!" त्यांनी डोळे पुसले. बाईंना मिठी मारायला उठले, गालाचं आठवलं, लांबूनच हात जोडले.

दुपारी जुनं यंत्र न्यायला दोन हमाल आले. एकानं खाली वाकून पाहिलं.

"डॉक्टर, याची वायर कुठंय?"

"भिंतीत असेल."

"भिंतीत नाही. यालाही नाही."

त्यानं मागचं झाकण उघडलं. आत लोकरीचे गुंडे होते आणि इस्त्री केलेल्या रुमालांची चळत.

सगळे बाईंकडे वळले.

"पहिल्याच हिवाळ्यात जळलं हो बिचारं." बाईंनी वरचा रुमाल घेऊन नाक पुसलं. "म्हटलं, दुसरं येईपर्यंत वासावर भागवू."