गारठलेली गाडी

आई काल संध्याकाळी गेली, दाराकडे डोळे लावून. धाकटा भाऊ दिवसभर फोनवर सांगत होता, “ताई, गाडी गारठलीये गं, चालूच होत नाही.” म्हणून आज पहाटे शेजाऱ्याची जीप, बॅटरीची केबल घेऊन मीच त्याला न्यायला त्याच्या घरी पोचले. थंडी कालच्याहून कडक होती, काचेवर बर्फाची साय. “राहू दे, नाही उठायची ती,” तो पुटपुटला. मी त्याच्या गाडीत बसले, लेकीला थोपटावं तसं स्टिअरिंग थोपटलं, “ऊठ गं बाई, उजाडलं,” म्हणत चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन गुणगुणू लागलं. दारातून भावजय सहज म्हणाली, “केबल कशाला, ताई? काल बाजारात गाडीनेच गेलो की!” “आई काही म्हणाली?” भावाने खाली बघत विचारलं. म्हणाली होती, “त्याला बोलू नकोस, थंडीत गाडी तरी काय करणार?” मी इंजिन बंद केलं. “नाही.”