गच्चीवरचा पिंड

दशक्रियेसाठी महापालिका रोज सकाळी आठ ते साडेआठ ध्वनिपडदा बंद ठेवायची. आठ वाजले तसा शाल्मलीने वडिलांच्या, नानांच्या दहाव्याचा पिंड वांग्यांच्या वाफ्यापलीकडे, कठड्यावर ठेवला.

पडद्याचा तो माणसाला ऐकू न येणारा आवाज पाखरांना सोसत नसे. नानांनीच तो शोधला होता. पिकावर पाखरं उतरेनाशी झाली, म्हणून तर शहराची प्रत्येक गच्ची शेत झाली आणि कुणीही उपाशी झोपेनासं झालं.

वीस मिनिटं गेली. आभाळ रिकामंच.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

"नाना, आईला मी सांभाळीन," शाल्मली हात जोडून म्हणाली.

काहीच हललं नाही.

"दर्भाचा कावळा करून शिवू या. हल्ली सगळे तसंच करतात."

"थांबा गुरुजी," आई म्हणाली. "शेवटचा महिनाभर हे खिडकीशी बसून एकच विचारायचे. कावळा दिसला का गं?"

नानांना काय हवं होतं ते शाल्मलीला कळलं. पण पडदा काढायचा शब्द ती कसा देणार? अख्ख्या शहराची ताटं त्या पडद्याच्या जिवावर भरत होती.

आई कठड्याशी गेली आणि तिने साद घातली, "काव! काव!"

लगेच पलीकडून उत्तर आलं. शाल्मलीने दचकून पाहिलं. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा आपल्या पिंडापाशी उभा राहून ओरडत होता. त्याच्या मागच्या गच्चीवर आणखी कुणीतरी. मग सगळीकडूनच कावकाव उठली.

साडेआठला पडदा पुन्हा सुरू झाला, आणि सगळी माणसं एकदम गप्प झाली.